एक गाय, म्हातारी

आमच्या घरात तो नेहमी घोड्यावर असायचा.
बाबा सांगत: अझेल थर्लो, क्रांतीचा शिपाई,
एका हाती लगाम, एका हाती तलवार,
समोर इंग्रजांची लाल रांग पिंजलेली.
तलवार तर होतीच, चुलीवरच्या भिंतीला.
नंतर कळलं, कुठल्याशा मंडळाच्या मिरवणुकीतली,
पात्यावर कारखान्याचं नाव, साल १८८७.

निवृत्त झाले, शाळेच्या बसची किल्ली परत दिली,
आणि व्हरमाँटहून निघाले त्याला शोधायला.

वाचनालयात शाई चालत नाही.
पेन्सिलीला टोक काढून बसले, मायक्रोफिल्मचं चाक फिरवत.
थर्लो, थरला, टर्लो, थॉर्ली:
ज्या कारकुनाच्या कानाला जसा ऐकू आला
तसा तो कागदावर जगला.
दोन दिवस भलत्याच माणसामागे गेले.
तो निघाला कनेटिकटचा, निपुत्रिक.
त्याची फाइल मिटताना उगाच वाईट वाटलं,
त्याला कोण येणार होतं शोधत?

मग सापडला.
घोड्यावर नाही. न्यायाधीशासमोर उभा, वय पासष्ट,
शपथेवर आपलं दारिद्र्य मोजून देताना.
कायदाच तसा होता:
पेन्शन हवं तर आधी सिद्ध करा, की भिकेला लागलात.

जमीन, नाही.
गाय एक, म्हातारी.
मेंढ्या तीन, पैकी एक उसनवारीची.
लोखंडी भांडं, तडा गेलेलं.
खुर्च्या चार, बसण्याजोग्या दोन.
पिंपं बांधायची हत्यारं. हात चालत नाहीत.
देणं: साडेएकोणीस डॉलर,
मिठाचं, आणि एका शवपेटीचं.

कोणाची शवपेटी, कोणी विचारलं नाही.

लढाईबद्दल एवढंच:
होतो. थंडी फार होती.
उजव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
खाली सही नाही. एक फुली,
वाऱ्याने दोन काटक्या एकमेकींवर पडाव्यात तशी.

चाक पुढे फिरवलं. अठरा वर्षं गेली.
आता तो नाही, आणि मेहिटेबल अर्ज करतेय, विधवा.
लग्नाचा पुरावा द्या, म्हणतंय सरकार.
चर्च जळलेलं, पाद्री वारलेला,
साक्षीदार ओहायोला निघून गेलेले.
पुढच्या चौकटीत एक पान,
बायबलातलं, जन्ममृत्यूंचं.
डावी कड दातेरी.

मी ते पान ओळखलं, त्याच्या नसण्यावरून.
आमच्या बायबलात, जुन्या आणि नव्या कराराच्या मधे
तसेच दाते आहेत.
लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे.
इडेला आत्या म्हणायची, कुणीतरी घराण्याची लाज फाडून टाकली.
तीन पिढ्या आम्ही त्या नसलेल्या पानावर
मनाला येईल ते पाप लिहीत आलो.

तिनेच फाडलं होतं. घाईत नसावं, दाते एकसारखे आहेत.
टपालात घातलं, वॉशिंग्टनला.
तळाशी कुणाकडून तरी लिहून घेतलंय:
काम झाल्यावर पान कृपया परत पाठवावे,
घरात दुसरी नोंद नाही.

पाठवलं नाही.

सात मुलं. मला पाच ठाऊक होती.
थँकफुल, जगली अकरा दिवस.
आणि लेव्हाय, वय एकोणतीस,
गेला तो त्याच वर्षी, ज्या वर्षी बाप
न्यायाधीशासमोर खुर्च्या मोजत होता.

साडेचारला दिवे मालवले.
मी प्रत घेतली, पंचवीस सेंटांची.
घरी बायबलाच्या कडेला लावून पाहिली,
जुळेना, यंत्राने मोठी केली होती.
दाते मात्र दात्यांना ओळखत होते.

रात्री भावाला फोन केला.
तलवारीचं सांगितलं, पानाचं सांगितलं,
त्या दोन बोटांचं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, घोडा तरी होता ना?
म्हटलं, गाय होती.